घरातल्या संगणकाचा ताप

माणसाला वेगाची हौस मोठी. टांग्यात बसलो तेव्हा टांगेवाल्याला "जरा हाक की बाबा!" म्हणणारे आपणच होतो, आणि आगगाडी दोन मिनिटे उशिरा सुटली की घड्याळ काढून पाहणारेही आपणच. आता घरोघरी संगणक आला. तो एका सेकंदात कोट्यवधी हिशेब उरकतो. तरीही घरातल्या तरुण मंडळींना तो सावकाशच वाटतो. मग एके दिवशी भाचा किंवा पुतण्या सहज विचारल्यासारखे विचारतो, "काका, आपण याला ओव्हरक्लॉक करू या का?"

हा शब्द कानी पडला की वडील मंडळी दोनपैकी एक उत्तर देतात. एक तर, "यंत्राला हात लावशील तर खबरदार!" नाही तर, "तुला कळतं ना? मग कर बाबा!" ही दोन्ही उत्तरे मला सारखीच अपुरी वाटतात. मी सारी हयात वीज खात्यात काढली. संगणक हे काही माझे क्षेत्र नव्हे. परंतु उष्णतेशी माझे पस्तीस वर्षांचे भांडण आहे, आणि या प्रकरणात घरच्या मंडळींबरोबर उतरल्यावर माझ्या ध्यानी आले की, नाव वेगाचे असले तरी हा सारा मामला उष्णतेचाच आहे. तेव्हा ज्यांच्या घरी हा प्रश्न आज ना उद्या निघणार आहे, त्यांच्यासाठी चार गोष्टी सांगाव्यात असे मनात आले.

ठेका आणि टाळकरी

संगणकाचा मेंदू म्हणजे प्रोसेसर. सिलिकॉनच्या नखाएवढ्या तुकड्यावर कोट्यवधी सूक्ष्म स्विच कोरलेले असतात आणि ते सगळे एकाच ठेक्यावर उघडतात-मिटतात. भजनात पखवाजाच्या ठेक्यावर साऱ्या टाळकऱ्यांचे टाळ एकदम पडतात ना, तसेच. १९७१ साली इंटेल कंपनीने ४००४ या नावाची चिप बाजारात आणली. तिच्यात २,३०० ट्रान्झिस्टर होते आणि तिचा ठेका सेकंदाला सुमारे ७ लाख ४० हजारांचा होता. १९८१ साली आयबीएमचा घरगुती संगणक आला, त्याचा ठेका सेकंदाला ४७ लाख ७० हजार. आमच्या घरातला संगणक २०१८ सालचा. त्याचा मूळ ठेका ३.४ गीगाहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ३४० कोटी!

हा आकडा दोन संख्यांच्या गुणाकारातून येतो. मदरबोर्डवर एक पायाभूत ठेका असतो, बहुधा १०० मेगाहर्ट्झचा. प्रोसेसर त्याला आपल्या गुणकाने गुणतो. शंभराला चौतीसने गुणले की झाले ३.४ गीगाहर्ट्झ. यांपैकी एक आकडा आपण स्वतः वाढवायचा आणि कारखान्याने नेमून दिलेल्या वेगापेक्षा प्रोसेसर अधिक वेगाने पळवायचा, याचेच नाव ओव्हरक्लॉकिंग.

मात्र भजनाची लय वाढवत नेली की काय होते, हे आपल्याला ठाऊक आहे. काही वेळ सगळे टाळ बरोबर पडतात. मग एखाद्याचा चुकतो. स्विचचेही तसेच. तो पुरता उघडण्याआधीच पुढचा ठोका आला, की शून्याच्या जागी एक लिहिला जातो. स्विचने चपळाई दाखवावी म्हणून मग त्याला मिळणारा विजेचा दाब, म्हणजे व्होल्टेज, थोडे वाढवतात. येथेच खरी गोष्ट सुरू होते. पण तिच्याकडे वळण्यापूर्वी एका स्वाभाविक शंकेचे उत्तर दिले पाहिजे.

ही शिल्लक आली कोठून?

कारखान्याने ३.४ सांगितले असता यंत्र ४ वर चालतेच कसे? कंपनी काय खोटे बोलते?

याचे उत्तर दिवाळीच्या दिवसांत कोणतीही गृहिणी देईल. पीठ तेच, सोऱ्या तोच, तेल तेच. तरी एकाच घाण्यातल्या सगळ्या चकल्या सारख्या उतरत नाहीत. एखादी खुसखुशीत होते, एखादी किंचित मऊ राहते. सिलिकॉनच्या ताटाएवढ्या चकतीवर शेकडो चिपा एकदम तयार होतात, त्यांचेही तसेच असते. कारखाना प्रत्येक चिप तपासतो आणि प्रतवारी लावतो. परंतु बाजारात स्वस्त मालाला मागणी जास्त असली, की चांगल्या चिपांवरही खालच्या वेगाची चिठ्ठी लागते. शिवाय कारखान्याला कोणत्याही गावच्या, कोणत्याही उन्हाळ्यातल्या गिऱ्हाइकाची हमी घ्यायची असते. म्हणून तो थोडा हात राखूनच वेग छापतो.

याचे सर्वांत गाजलेले उदाहरण १९९८ सालचे. इंटेलने त्या वर्षी सेलेरॉन ३००ए नावाचा स्वस्त प्रोसेसर काढला. पायाभूत ठेका ६६, गुणक साडेचार, वेग ३०० मेगाहर्ट्झ. गुणक कुलूपबंद होता. पण मदरबोर्डवरचा ठेका ६६ ऐवजी १०० केला, की साडेचार पटीने तो सरळ ४५० वर जाई, आणि पुष्कळशा चिपा तेथे बिनतक्रार चालत! त्या वेगाचा पेंटियम टू कितीतरी महाग होता. गरिबाच्या घरी श्रीमंताचा वेग नांदू लागला, आणि ओव्हरक्लॉकिंग ही मूठभर तंत्रज्ञांची विद्या तरुणांच्या छंदात जमा झाली. पुढे कंपन्यांनीही हा छंद ओळखला आणि गुणक खुला ठेवलेले प्रोसेसर मुद्दाम विकावयास काढले.

रात्री तीन वाजता

आता आमच्या घरची हकीकत. आम्ही नागपूरचे. माझी कन्या वास्तुरचनाकार आहे. दोन वर्षांपूर्वी तिने नोकरी सोडून घरीच स्वतःचे काम सुरू केले. बांधावयाची इमारत प्रत्यक्षात कशी दिसेल, सकाळचे ऊन दिवाणखान्यात कोठवर येईल, याची चित्रे ती संगणकावर तयार करते. अशा एका चित्रासाठी संगणकाला प्रकाशाच्या असंख्य किरणांचा माग काढावा लागतो. त्याला तीन-तीन तास लागतात. म्हणून ती रात्री काम लावून देते आणि सकाळी चित्र घेते.

गेल्या मे महिन्यात तिच्याकडे एक मोठे काम आले. आठ दिवसांत अकरा चित्रे द्यावयाची होती. हे काम वेळेवर गेले, तर त्याच मंडळींची पुढची दोन कामे मिळणार. न गेले, तर पुन्हा कोणाच्या तरी कचेरीत रुजू होण्याची वेळ येणार, हे तिने बोलून दाखवले नाही तरी आम्हाला कळत होते. आणि नेमके तिसऱ्या रात्री, तीनच्या सुमारास, यंत्र आपोआप बंद पडले. दुसऱ्या रात्रीही तेच. नवे यंत्र घ्यावे, तर साठ-सत्तर हजारांचा प्रश्न.

सुट्टीसाठी पुण्याहून माझा पुतण्या आला होता. तो अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. तो म्हणाला, "ताई, नवं कशाला घेतेस? याचा गुणक खुला आहे. मी याला चार गीगाहर्ट्झवर नेतो, तुझी चित्रं लवकर होतील."

"अरे, ते आधीच बंद पडतंय, आणि तू त्याला पळवायला निघालास?" कन्या म्हणाली.

दोघेही माझ्याकडे पाहू लागली. मी म्हटले, "आधी त्याला ताप आहे का ते पाहू."

इस्त्रीहून तप्त

प्रोसेसरमध्ये शिरलेली जवळजवळ सगळी वीज शेवटी उष्णता होऊन बाहेर पडते. ती किती, याचा नियम सोपा आहे. ठेका जितक्या पटीने वाढवाल, तितक्या पटीने वीज वाढते. पण दाब जितक्या पटीने वाढवाल, त्याच्या वर्गाने वाढते. समजा, ठेका दहा टक्के वाढवला आणि त्यासाठी दाबही दहा टक्के वाढवावा लागला. मग हिशेब होतो १.१ गुणिले १.१ गुणिले १.१, म्हणजे १.३३. दहा टक्के वेगासाठी तेहतीस टक्के अधिक उष्णता! सावकाराच्या व्याजालाही लाजवील असा हा दर आहे.

शंभर वॉट म्हणजे काय मोठेसे, जुन्या पिवळ्या बल्बाएवढी वीज, असे कोणी म्हणेल. पण ती किती जागेतून बाहेर पडते ते पाहा. घरातली इस्त्री हजार वॉटची असली, तरी तिचा तळ सुमारे दीडशे चौरस सेंटिमीटरचा असतो. म्हणजे प्रत्येक चौरस सेंटिमीटरला सात वॉटदेखील येत नाहीत. प्रोसेसरचा सिलिकॉनचा तुकडा असतो साधारण दोन चौरस सेंटिमीटरचा. त्यातून शंभर वॉट निघाले, तर सेंटिमीटरला पन्नास! आणि इस्त्रीने तापावे हे तिचे कामच आहे. प्रोसेसरने मात्र एवढी उष्णता सोसून हिशेब चुकवायचा नाही.

संगणक आणि उष्णता यांचे हे वैर जन्मापासूनचे आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली कामाला लागलेला टिफ्रॅक हा संगणक रेडिओत असत तशा व्हॉल्व्हवर चालत असे, आणि त्यात असे सुमारे २,७०० व्हॉल्व्ह होते. ट्रान्झिस्टर आले, नंतर चिपा आल्या, आणि काही वर्षे वाटले की हे वैर मिटले. आयबीएमच्या १९८१ सालच्या यंत्रातल्या प्रोसेसरवर साधा पंखाही नव्हता. नव्वदच्या दशकात मात्र प्रोसेसरच्या डोक्यावर धातूची पाती आली, पात्यांवर पंखा आला, आणि आज कित्येक घरांत पाण्याच्या नळ्याही आल्या आहेत.

उष्णतेची वाट

आमच्या यंत्राची पेटी टेबलाखालच्या लाकडी कप्प्यात, भिंतीला पाठ लावून ठेवलेली होती. झाकण काढले तेव्हा सौभाग्यवतीने कपाळाला हात लावला. पंख्याखालच्या पात्यांमध्ये धुळीची अशी गादी बसली होती, की पंखा फिरत असूनही वारा खाली उतरतच नव्हता. दिवाळीत आपण माळ्यावरचे डबेसुद्धा पुसतो, पण ही पेटी मात्र वर्षानुवर्षे कोणी उघडत नाही.

उष्णतेला चिपेतून बाहेर पडावयाचे म्हणजे एका वाटेने जावे लागते. चिपेवर धातूचे झाकण, झाकणावर लेप, लेपावर तांब्याचा किंवा ॲल्युमिनियमचा ठोकळा, ठोकळ्याला पाती, पात्यांतून वारा, आणि वाऱ्यातून खोली. यांपैकी एक नाका तुंबला, की मागची सगळी वाहतूक अडते.

लेपाचे महत्त्व पुष्कळांना उमगत नाही. डोळ्यांना गुळगुळीत दिसणाऱ्या दोन धातूंच्या पृष्ठभागांमध्येही बारीक खळगे असतात आणि त्यांत हवा अडकते. तांबे हवेच्या सुमारे पंधरा हजार पट चांगले उष्णता वाहून नेते. म्हणजे हवा ही वाटेतली भिंतच. लेपाचे काम त्या खळग्यांतून हवा हुसकावून लावण्याचे. तो वाटाण्याच्या दाण्याएवढा पुरतो. पुरणासारखा भरायचा नसतो. काही वर्षांनी तो सुकतो. आमचा सुकून खडूसारखा झाला होता.

मला हे सारे ओळखीचे वाटले. रस्त्याच्या कोपऱ्यावरचा ट्रान्सफॉर्मर पाहा. त्याच्या पोटात तेल असते. ते तापून वर चढते, बाजूच्या पात्यांत शिरते, निवते आणि खाली येते. उन्हाळ्यात विदर्भातल्या उपकेंद्रांत ट्रान्सफॉर्मरपुढे कूलर मांडलेले आमच्याकडच्या लोकांनी पाहिले आहेत. प्रोसेसरच्या चांगल्या कूलरमध्येही असेच एक कौतुक असते. तांब्याच्या बंद नळीत हवा काढून घेऊन थोडेसे पाणी ठेवलेले असते. ते चिपेजवळ वाफ होते, दुसऱ्या टोकाला पात्यांत जाऊन निवते, आणि नळीच्या आतल्या जाळीतून झिरपत पुन्हा चिपेपाशी येते. शेगडीवरच्या पातेल्याच्या झाकणाला आतून पाणी जमते आणि टपटप खाली पडते, तोच हा खेळ. फक्त अखंड चालणारा.

घरी एक गमतीचा घोटाळा झाला. पुतण्या म्हणाला, "काकू, याला नवा कूलर लागेल." सौभाग्यवती म्हणाली, "अरे, हॉलमधला आहे की! तोच इकडे ओढ!" हसण्यावारी गेले, पण बोलणे अगदीच चुकीचे नव्हते. कारण पंखा कितीही चांगला असला, तरी तो चिपेला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. उत्तम कूलरने चिप खोलीपेक्षा चाळीस अंशांनी गरम राहिली असे धरा. जानेवारीत खोली अठरा अंश, तर चिप अठ्ठावन्न. मे महिन्यात खोली बेचाळीस, तर चिप ब्याऐंशी! परदेशातल्या मुलाने वीस अंशांच्या खोलीत साधलेला वेग पाहून नागपूर-अकोल्याच्या मुलाने हुरळून जाऊ नये, ते याचसाठी. मात्र पाण्याच्या कूलरचा दमट झोत थेट यंत्रावर सोडू नये. त्यातले बारीक तुषार आणि क्षार मदरबोर्डवर बसले, की नवेच दुखणे उपटते. खोली थंड करावी. यंत्राला आंघोळ घालू नये.

आम्ही वायर काढून ठेवली. पेटी गच्चीवर नेली. पंख्याची पाती बोटाने धरून, ती गरगरा फिरणार नाहीत असे पाहून, मऊ ब्रशाने आणि फुंकणीने धूळ काढली. कूलर उपसण्यापूर्वी पुतण्याने यंत्र थोडा वेळ चालवून लेप कोमट करून घेतला होता, आणि मग कूलर किंचित डावी-उजवीकडे फिरवून सोडवला. एकदम वर ओढला तर काही यंत्रांत प्रोसेसरच त्याला चिकटून उपटून येतो. जुना लेप अल्कोहोलने पुसून नवा लावला. पेटी कप्प्यातून काढून उघड्यावर, भिंतीपासून वीतभर पुढे ठेवली.

आणि फळ काय? धूळ असताना कामाच्या वेळी चिप ९५ अंशांला भिडत होती. तेथे पोचली की ती स्वतःला वाचविण्यासाठी आपणच ठेका मंदावते, आणि त्यानेही भागले नाही तर बंद पडते. त्यामुळे ३.६ च्या ठेक्याने चालणारे यंत्र ३ वर रखडत होते. सफाईनंतर, एकोणचाळीस अंशांच्या खोलीत, चिप ८४ वर स्थिरावली आणि ३.६ सोडून हलली नाही. जे चित्र तीन तास छत्तीस मिनिटे खात होते, ते तीन तासांत झाले. एकही स्क्रू न बदलता छत्तीस मिनिटे वाचली! अकरा चित्रे साध्या वेगावरच, आठव्या दिवशी सकाळी रवाना झाली.

परीक्षा

काम गेल्यावर पुतण्याने आपला हट्ट पुन्हा काढला. आता मी नाही म्हटले नाही. दोन हजारांच्या आसपास किमतीचा, तांब्याच्या नळ्यांचा उंच कूलर मागविला. त्यामुळे साध्या वेगावरचे तापमान ६८ वर आले. मग सौभाग्यवतीच्या हिशेबाच्या वहीचे मागचे पान उघडले. प्रत्येक पायरीला ठेका, दाब, खोलीचे तापमान आणि चिपेचे तापमान लिहावयाचे, आणि एका वेळी एकच पायरी चढावयाची, अशी अट घातली.

परीक्षेसाठी प्राइम९५ नावाची एक आज्ञावली वापरतात. मूळ संख्यांच्या एका विशिष्ट जातीचा शोध घेण्यासाठी १९९६ साली जगभरच्या हौशी लोकांचा एक प्रकल्प सुरू झाला. ही त्यांची आज्ञावली. ती प्रोसेसरला घाण्याच्या बैलासारखी जुंपते आणि त्याची उत्तरे ताडून पाहते. गणितज्ञांनी संख्या शोधण्यासाठी केलेले साधन, आणि पोरांनी त्याची तालीम करून टाकली!

३.९ गीगाहर्ट्झ, १.२५ व्होल्ट, चिप ७३ अंश: उत्तीर्ण. ४.०, १.३० व्होल्ट, ७८ अंश: पहिले चार तास उत्तीर्ण. पुतण्याने ताटातली जिलबी उचलली. पुढे ४.१, १.३५ व्होल्ट, ८३ अंश. बावीस मिनिटांनी पडद्यावर एक ओळ उमटली: मोजणीत फरक आढळला. यंत्र बंद पडले नाही, धूर निघाला नाही, आवाजदेखील बदलला नाही. फक्त एका बेरजेचे उत्तर चुकले होते. मग ४.० वर पूर्ण रात्रभर परीक्षा लावली, तर पहाटे तेथेही एक चूक निघाली.

"काका, दाब एक पॉइंट चारवर नेऊ या. म्हणजे बसेल," पुतण्या म्हणाला.

इतका वेळ गप्प बसलेली कन्या तेव्हा बोलली. "बंद पडलेलं यंत्र मला कळतं रे. चुकीचं उत्तर देणारं कसं कळणार? मी याच यंत्रावर चित्रं काढते आणि याच यंत्रावर सळ्यांचा नि सिमेंटचा हिशेबही करते."

त्या खोलीत आम्ही तिघे होतो, पण यंत्राच्या चुकीची जबाबदारी तिच्या एकटीच्या सहीखाली जाणार होती. खेळासाठी यंत्र घेतलेल्या मुलाचा खेळ चुकून अडला, तर तो पुन्हा सुरू करील. पोटापाण्याच्या यंत्राला ही मुभा नाही. यंत्र कोणाचे, आणि त्याच्या उत्तरावर काय उभे राहणार आहे, हा प्रश्न वेग वाढविण्याआधी प्रत्येक घराने विचारला पाहिजे.

मी पुतण्याला दुसरी बाजू सांगितली. दाब वाढवला की केवळ उष्णताच वाढते असे नाही. चिपेतल्या केसाहून बारीक तारांमधून वाहणारी वीज धातूचे कण हळूहळू पुढे ढकलीत असते, आणि दाब व ताप वाढला की ही झीज वाढते. आज बसलेला वेग दोन वर्षांनी बसेलच असे नाही.

कारखान्यानेच चाटून-पुसून घेतले!

आणि येथे आजच्या तरुणांना सांगावयाची एक गोष्ट आहे. १९९८ सालची ती पन्नास टक्क्यांची शिल्लक आता उरलेली नाही. रॉबर्ट डेनार्ड यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ साली दाखवून दिले होते, की ट्रान्झिस्टर लहान करीत गेले आणि त्याच प्रमाणात दाब कमी करीत गेले, तर तेवढ्याच जागेत उष्णता वाढत नाही. तीसेक वर्षे उद्योग याच हिशेबावर चालला. पुढे ट्रान्झिस्टर इतके सूक्ष्म झाले, की बंद असतानाही त्यांतून वीज गळू लागली आणि दाब आणखी उतरविता येईना. २००४ साली इंटेलने ४ गीगाहर्ट्झच्या पेंटियम फोरचा बेत सोडून दिला, ३.८ वर तो थांबला. तेव्हापासून एका मेंदूला पळविण्याऐवजी एकाच चिपेत दोन, चार, सहा मेंदू बसविण्याची रीत पडली.

मग २००८ च्या सुमारास कारखान्यानेच हा खेळ आपल्या हाती घेतला. आजचा प्रोसेसर स्वतःचे तापमान क्षणोक्षणी मोजतो आणि थंडावा दिसला, की आपणच ठेका वाढवतो. जी शिल्लक पूर्वी पोरे शोधून काढीत, ती आता कारखानाच विकतो. याचाही अतिरेक होतो. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीतले काही प्रोसेसर घरोघरी अडखळू लागले, तेव्हा २०२४ साली कंपनीने सांगितले की ते गरजेपेक्षा जास्त दाब मागत होते; तिने दुरुस्ती पाठविली आणि हमीची मुदत दोन वर्षांनी वाढविली.

दुसऱ्या टोकाला विक्रमवीर आहेत. २०२२ साली इंटेलच्या एका प्रोसेसरने ९ गीगाहर्ट्झची मर्यादा ओलांडली. पण कशी? शून्याखाली दोनशे एकोणसत्तर अंशांवर उकळणारा द्रवरूप हेलियम त्याच्यावर ओतून! ती एक शर्यत असते, संसार नव्हे.

उन्हाळी वेळ, हिवाळी वेळ

अखेर ३.९ हा वेग ठरला. बारा तासांच्या परीक्षेत एकही चूक निघाली नाही. लाभ किती? तीन तासांचे चित्र दोन तास शेहेचाळीस मिनिटांत. चौदा मिनिटे. सफाईने छत्तीस दिली होती, हे वाचकांच्या लक्षात असेलच.

नंतर पुतण्याने आपण होऊन उलटी परीक्षा घेतली, आणि मला ती सर्वांत आवडली. ठेका ३.६ च ठेवून त्याने दाब पायरीपायरीने उतरवीत नेला. थोडा उतरवूनही चिप रात्रभर बिनचूक चालली आणि काही अंश अधिक थंड राहिली. कारखाना वेगात जसा हात राखतो, तसा दाबातही राखतो. तो आपल्याकडच्या उन्हात असा उपयोगी पडतो.

विदर्भात उन्हाळा चढला की शाळा सकाळची होते. आमच्या संगणकाच्याही आता दोन वेळा आहेत. यंत्रात अशा नोंदी साठवून ठेवता येतात, त्यामुळे बदल करावयास मिनिटभर पुरते. मार्चपासून पाऊस येईपर्यंत ३.६ आणि उतरविलेला दाब, दसऱ्यानंतर ३.९. दोन्ही आकडे वहीत तारखेसह लिहिलेले आहेत.

तेव्हा तुमच्या घरी हा प्रश्न निघाला, तर मुलाला हटकू नका आणि मोकाटही सोडू नका. आधी पेटी उघडून धूळ काढावयास सांगा. महत्त्वाच्या साऱ्या फायलींची दुसरी प्रत वेगळ्या जागी ठेवून मगच आकड्यांना हात लावू द्या. वेग वाढविल्याने यंत्राची हमी जाते का, ते कागद काढून वाचा. एका वेळी एक पायरी, रात्रभराची परीक्षा आणि प्रत्येक आकड्याची नोंद, या अटी घाला. आपला मुलगा उष्णतेचे शास्त्र, विजेचा हिशेब आणि धीर या तीन गोष्टी एकाच सुट्टीत शिकून जाईल. एवढी शिकवणी दुसरीकडे कोठे मिळते?

परवा पुतण्याचा पुण्याहून फोन आला. "काका, आता खोलीत किती आहे?"

"सव्वीस," मी म्हटले.

पलीकडे क्षणभर शांतता. मग म्हणाला, "ताई घरी आहे का? चारवर एकदा पाहावं म्हणतो; पण तिच्या हातातलं काम संपल्यावर. आधी तिला विचारा."